गिअरचा दांडा हाताशी येईपर्यंत

जून १८९५ मध्ये एमिल लव्हासोर नावाचा बावन्न वर्षांचा फ्रेंच गृहस्थ पॅरिसहून बोर्दोला आणि तिथून परत पॅरिसला गाडी हाकत आला. अंतर जवळपास १,१८० किलोमीटर, वेळ ४९ तासांच्या आसपास. वाटेत रुफेक गावी दुसरा चालक त्याची जागा घेणार होता. लव्हासोर तिथे ठरल्यापेक्षा फार आधी, रात्रीच पोहोचला. बदली चालक झोपलेला होता. त्याची वाट न बघता लव्हासोर तसाच पुढे निघाला आणि परतीचा रस्ताही त्यानेच पुरा केला.

या शर्यतीच्या वेगाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मात्र त्या ४९ तासांत त्याच्या हातांचं काय झालं असेल, हा विचार सोडत नाही. गाडीला स्टिअरिंगचं चाक नव्हतं. एका दांड्याने ती वळवायची. गिअरचा दांडा वेगळा. इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे गिअरबॉक्स आणि मग मागच्या चाकांना ओढ, ही मांडणी लव्हासोरनेच १८९१ मध्ये घडवली आणि पुढे कित्येक दशकं जगभरच्या गाड्या तिच्यावरच बनत गेल्या. गिअर बदलायचा म्हणजे शाफ्टवर सरकणारी दातेरी चाकं एकमेकांत घुसवायची. त्यांचे वेग जुळवणारं आत काहीच नव्हतं. दातावर दात आदळायचे आणि तो हादरा दांड्यावाटे थेट मनगटात यायचा. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत दांड्याची खाच सरळ एका रेषेत असे. तिसऱ्यावरून पहिल्यावर यायचं तर दुसऱ्यातून जाणं भागच होतं.

ही सरळ रेषा मोडली १९०१ च्या मर्सिडीजने. एमिल येलिनेक या व्यापाऱ्याने डाइमलर कारखान्याकडे नव्या धाटणीची वेगवान गाडी मागितली, विल्हेल्म मायबाखने ती घडवली आणि येलिनेकच्या मुलीचं नाव तिला मिळालं. मायबाखने एकाऐवजी दोन समांतर खाचा केल्या, मध्ये न्यूट्रलची आडवी वाट ठेवली. हवा तो गिअर हवा तेव्हा पडू लागला. आज आपल्या गाडीच्या मुठीवर जी आकृती कोरलेली असते तिचा जन्म तिथला. त्या मार्चमध्ये नीसच्या शर्यतींत या गाडीने बाकीच्यांना मागे टाकलं. त्यात इंजिनाचा वाटा मोठा होता हे खरं, पण चालकाला गिअर शोधत बसावं लागलं नाही, हेही तितकंच खरं.

मात्र तो दांडा होता चालकाच्या उजव्या बाजूला, गाडीच्या कडेला. तिथे का? चालक उजवीकडे बसायचा. गिअरबॉक्स चासीच्या मधोमध, इंजिनापासून सुटा. त्यातून आडवा रॉड काढून चासीच्या कडेपर्यंत नेला आणि तिथे दांडा उभा केला की काम झालं. चालकाच्या खांद्याला, कोपराला, गुडघ्याला ही जागा सोयीची आहे का, हे कोणी विचारलं नव्हतं. पुढची कित्येक वर्षं असंच चाललं. दांडा कुठे असावा हे गिअरबॉक्सने ठरवायचं आणि माणसाने त्याच्याशी जुळवून घ्यायचं. स्पोर्ट्स कारचा इतिहास अश्वशक्तीच्या आकड्यांत सांगितला जातो; या एका दांड्याच्या जागेवरूनही तो सांगता येतो, आणि त्या सांगण्यात गाडीबरोबर माणूसही दिसतो.

ल मांच्या २४ तासांच्या शर्यती १९२४ मध्ये आणि मग १९२७ ते १९३० अशी सलग चार वर्षं जिंकणाऱ्या बेंटली गाड्यांत दांडा चालकाच्या उजव्या मांडीशी होता, हँडब्रेक त्याच्याही बाहेर. कित्येक गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर मधला आणि ब्रेक उजवीकडचा. या पसाऱ्यामुळे चालकाच्या बाजूला दार ठेवायचीच अनेकदा सोय नसे. डावीकडून चढायचं आणि सरकत आपल्या जागी यायचं. गिअर बदलताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला एक टोला, पुन्हा क्लच आणि मग पुढचा गिअर. आपल्याकडे जुन्या ट्रकच्या ड्रायव्हरांना हे डबल क्लचचं प्रकरण समजावून सांगावं लागत नाही. रात्रभर, पावसात, उघड्या गाडीत, दर वळणाला हे करायचं म्हणजे काय, ते त्यांनाच विचारावं.

आणि तरीही उजव्या हाताच्या दांड्यावर लोकांचं प्रेम बसलं. जोराचा हात दांड्यावर, मध्ये मांडीला अडचण नाही, शेजाऱ्याच्या गुडघ्याला धक्का नाही. रोल्स-रॉइस आणि बेंटलीने दुसऱ्या महायुद्धानंतरही आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत तो तिथेच ठेवला. १९५३ ची रायली पाथफाइंडर ही तर चांगली प्रशस्त सलून. तिच्यातही दांडा सीट आणि दार यांच्या मधल्या फटीत उभा होता.

गिअर बदलण्यातली मारामारी कमी करण्याचे दोन मार्ग निघाले. अमेरिकेत अर्ल थॉम्पसन या इंजिनिअरने दातेरी चाकांचे वेग आधी जुळवून मग त्यांना एकमेकांत सोडणारी सिंक्रोमेशची युक्ती काढली. १९२८ च्या कॅडिलॅकमध्ये ती पहिल्यांदा आली. इंग्लंडमध्ये वॉल्टर विल्सनने निराळीच वाट धरली. त्याच्या गिअरबॉक्समध्ये पुढचा गिअर आधीच निवडून ठेवता येई. स्टिअरिंगजवळच्या छोट्या दांडीने हवा तो आकडा लावायचा; तेव्हा काहीच होत नाही. वळण आलं की डाव्या पायाचं पेडल दाबून सोडायचं आणि गिअर पडतो. दोन्ही हात चाकावर राहतात. एमजीच्या के३ मॅग्नेटमध्ये असाच गिअरबॉक्स होता आणि १९३३ ची अल्स्टरमधली टुरिस्ट ट्रॉफी ताझिओ नुव्होलारीने तीच गाडी चालवून जिंकली. आरामाचा विचार केला तर हा प्रश्न तिथेच सुटायला हवा होता. पण ते यंत्र जड होतं, महाग होतं आणि इंजिनाची थोडी ताकदही खायचं. युद्धानंतरच्या स्वस्त, हलक्या स्पोर्ट्स कारमध्ये त्याला जागा मिळाली नाही.

दरम्यान इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ठोकळ्यात जोडले जाऊ लागले होते. मग गिअरबॉक्सच्या झाकणातून सरळ वर दांडा काढणं सगळ्यात सोपं आणि स्वस्त. तो गाडीच्या मधोमध आला. मात्र इंजिन जितकं पुढे तितका दांडाही पुढे, म्हणून तो हातभर लांब करून चालकाकडे वाकवावा लागे. लांब दांड्याची मूठ प्रत्येक गिअरला वीतभर फिरते, इंजिनाबरोबर थरथरते, आणि गिअर पडला की नाही हे तळहाताला नीट कळत नाही. अमेरिकेत समोरच्या सीटवर तिघं बसावेत म्हणून १९३० च्या दशकाच्या शेवटी तो मधून काढून स्टिअरिंगच्या खांबावर नेला. युरोपातल्या सलूनही त्या वाटेने गेल्या. १९५३ च्या फियाट ११०० च्या वंशातली, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी त्याच दांड्यावर चालवली. पुढे तिसरा प्रवासी बसवायला ती जागा उत्तमच. स्पोर्ट्स कारला मात्र ती मानवली नाही. अल्फा रोमिओच्या जुलिएत्ता स्प्रिंटला सुरुवातीला खांबावरचाच दांडा होता. तो लवकरच खाली जमिनीवर आला. इतक्या सांध्यांतून वळत जाणाऱ्या रॉडमध्ये घाईच्या हाताला उत्तर मिळत नाही.

यावर इंग्लंडमधल्या छोट्या गाड्यांनी शोधलेला उपाय मला फार आवडतो. गिअरबॉक्सच्या पाठीवर अ‍ॅल्युमिनियमचं एक लांबट घर बसवायचं, त्यातून रॉड मागे आणायचा आणि हात जिथे सहज पडतो तिथे बोटभर उंचीचा दांडा काढायचा. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९४५ नंतर बनलेल्या एमजी टीसीमध्ये हे सुरेख जमलं होतं. गाडी अरुंद, सीटची पाठ ताठ, स्टिअरिंग छातीला येऊन भिडलेलं. पण चाकावरून हात खाली सोडला की मूठ तिथेच. टीसीच्या साधारण १०,००० गाड्या बनल्या आणि त्यातल्या दोनेक हजार अमेरिकेत गेल्या. सगळ्या उजव्या स्टिअरिंगच्याच. अमेरिकन माणूस रस्त्याच्या उजव्या कडेने, गाडीत उजवीकडे बसून, डाव्या हाताने गिअर टाकायला शिकला आणि हौसेने शिकला. त्या देशात स्पोर्ट्स कारचं वेड पसरलं त्यात या इवल्याशा दांड्याचा वाटा होता असं मी मानतो. पुढे १९५९ च्या मूळ मिनीला पुन्हा तो लांबलचक, पायाजवळून उगवलेला दांडा मिळाला. १९६१ मध्ये मिनी कूपर आली तेव्हा तिला छोटा, मागे आणलेला दांडा द्यावाच लागला.

त्याच वर्षी मार्चमध्ये जिनिव्हात जग्वार ई-टाइप लोकांपुढे आली. मागणी इतकी की आणखी एक गाडी हवी असा निरोप कॉव्हेंट्रीला गेला आणि कारखान्याचा चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस रात्रभर गाडी हाकत सकाळी जिनिव्हात हजर झाला. ई-टाइपच्या रूपाबद्दल कोणी वाद घालत नाही. मॅल्कम सेयरने विमानांच्या गणिताने आखलेला तो आकार आजही नजर खिळवतो. आत बसल्यावर मात्र वेगळी कथा सुरू होते.

पहिल्या गाड्यांची जमीन सपाट होती. सीट बसवली चासीच्या तळावर, आणि टाचाही त्याच पातळीवर. उंच माणसाचे पाय दुमडायचे, गुडघे स्टिअरिंगला लागायचे, मांड्यांना सीटचा आधार नाही. घोटा वर उचलून पेडल दाबायचं म्हणजे तासाभराने पोटरीत गोळे येणारच. जग्वारने वर्षभराच्या आतच, १९६२ च्या सुरुवातीला, पायांखालचा पत्रा खोल केला. ज्या गाड्यांच्या सपाट जमिनीची तक्रार झाली त्याच गाड्या आज संग्राहक सगळ्यात जास्त किंमत देऊन घेतात. बकेट सीट दिसायला देखणी, कमरेला टेकू मात्र देत नसे. दांडा जागच्या जागी होता, छोटा आणि हाताजवळ. पण त्याच्या खालचा मॉस कंपनीचा गिअरबॉक्स जुन्या वळणाचा. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, बाकीच्यांत ते संथ. दोन गिअरच्या मध्ये क्षणभर थांबावं लागे. घाई केली तर दात किरकिरले म्हणून समजा. तासाला २४० किलोमीटरच्या गोष्टी सांगणारी गाडी गिअर बदलताना मात्र धीर धरायला लावायची. १९६४ च्या ऑक्टोबरात ४.२ लिटरचं इंजिन आलं तेव्हा जग्वारने चारही गिअरना सिंक्रोमेश असलेला स्वतःचा गिअरबॉक्स आणि नव्या सीट दिल्या. माझ्या मते ई-टाइप खऱ्या अर्थाने पुरी झाली ती त्या दिवशी.

इटलीत त्या काळी बसण्याची तऱ्हाच निराळी. पेडलं जवळ, चाक दूर. हात ताणलेले, गुडघे वर, जणू गाडी लांब हातांच्या आणि आखूड पायांच्या माणसासाठी बेतली आहे. अल्फा रोमिओच्या १९६० च्या दशकातल्या गाड्यांत दांडा डॅशबोर्डच्या खालून जवळजवळ आडवा बाहेर येतो. चित्रात तो विचित्र दिसतो. पण ताणलेल्या हाताला खाली वाकावं लागत नाही. चाकाची कड सोडून तळहात थोडा बाजूला नेला की पुरे.

फेरारीने दांडा उघड्यावर आणला. चकचकीत धातूची पट्टी, तिच्यात कोरलेल्या खाचा, त्यांतून फिरणारा सडपातळ दांडा आणि वर काळा गोळा. प्रत्येक गिअरला धातूवर धातूचा टणत्कार. दिसायला यापेक्षा सुंदर गिअर नाही. गाडी थंड असताना दुसरा गिअर मात्र पडत नाही. गिअरबॉक्समधलं तेल घट्ट असतं, सिंक्रोची कडी त्यातून सरकत नाही, आणि मूठ खाचेच्या तोंडाशी येऊन अडते. जोर लावायचा नाही. पहिल्यावरून सरळ तिसऱ्यावर जायचं आणि दहा-पंधरा मिनिटं, तेल गरम होईपर्यंत, दुसऱ्याला विसरायचं. या गाड्या सांभाळणारे लोक हा शिष्टाचार निमूटपणे पाळतात.

डिनो २४६ आणि ३०८ सारख्या फेरारींत पहिला गिअर डावीकडे खाली असे आणि दुसरा-तिसरा समोरासमोर. याचं कारण शर्यतीत आहे. पहिला गिअर सुटताना एकदाच लागतो. दुसरा आणि तिसरा दर वळणाला. जो बदल सारखा करायचा तो सरळ रेषेत हवा, म्हणजे खांद्याने ओढलं की झालं, मनगट वळवायला नको. पोर्शे ९११ ला सुरुवातीला हीच रचना होती. पण ९११ घेणारा माणूस रोज ऑफिसलाही जायचा, सिग्नलवर थांबायचा, आणि तिथे पहिल्यावरून दुसऱ्यावर जाणं हेच सगळ्यात जास्त वेळा. १९७२ च्या मॉडेलपासून पोर्शेने पहिला गिअर वर डावीकडे, नेहमीच्या जागी आणला.

पोर्शेचं मूळ दुखणं मात्र जागेचं नव्हतं, अंतराचं होतं. इंजिन आणि गिअरबॉक्स मागे, चालक पुढे. मुठीपासून निघालेला रॉड मधल्या बोगद्यातून मागे जातो आणि एका छोट्या जोडणीतून गिअरबॉक्सला मिळतो. त्या जोडणीत बोटाच्या पेराएवढी बुश असतात. ती झिजली की दांडा न्यूट्रलमध्ये सैल हलू लागतो, तिसरा समजून पाचवा पडतो, आणि मालकाला वाटतं गिअरबॉक्स गेला. जाणता मेकॅनिक आधी मागच्या सीटच्या बाजूचं झाकण उघडतो, बुश बदलतो आणि गाडी पुन्हा शहाणी होते.

मधल्या इंजिनाच्या शर्यतीच्या गाड्यांनी यावर जुनंच उत्तर काढलं. फोर्ड जीटी४० मध्ये चालक उजवीकडे आणि दांडाही उजवीकडे, दाराच्या उंबऱ्याला लागून. रॉड बाजूने सरळ मागे. मधली जागा मोकळी, डावा हात चाकावर. या गाडीत बसण्याचा विचार फार गंभीरपणे झाला होता. सीट हलत नसे, ती चासीचाच भाग. उंचीप्रमाणे पेडलंच पुढेमागे करायची. सीटच्या कापडाला धातूच्या कड्यांची छिद्रं होती, पाठीला वारा लागावा म्हणून. गाडीची उंची अवघी ४० इंच, नावातला आकडा तोच. १९६७ मध्ये ल मां जिंकणारा डॅन गर्नी सव्वासहा फुटांचा. हेल्मेट घातल्यावर त्याचं डोकं छताला लागायचं, म्हणून त्याच्या गाडीच्या छताला खास फुगवटा ठोकला. रस्त्यावर चालवायच्या जीटी४० ची जी आवृत्ती निघाली तिला डाव्या स्टिअरिंगची सोय आणि मधला दांडा मिळाला. तशा सातच बनल्या.

पाओलो स्टान्झानी या लॅम्बोर्गिनीच्या इंजिनिअरने मात्र प्रश्नच उलटा केला. कंपनीच्या मिउरामध्ये बारा सिलिंडरचं इंजिन आडवं, चालकाच्या पाठीमागे, आणि गिअरबॉक्स त्याच्याच ओतीव घरात. दांड्याला तिथवर पोहोचायला वळणावळणाचा रॉड लागे. गिअर टाकायला चांगलं बळ लागे. १९७१ मध्ये दाखवलेल्या आणि १९७४ पासून विकल्या गेलेल्या काउंताशमध्ये स्टान्झानीने इंजिन उभं लावलं आणि उलटं फिरवलं. गिअरबॉक्स इंजिनाच्या पुढे आला, थेट दोन सीटच्या मध्ये. दांडा उभा राहिला गिअरबॉक्सच्या डोक्यावरच. मध्ये रॉड नाही, सांधा नाही. ताकद मागच्या चाकांकडे परत नेणारा शाफ्ट त्याने इंजिनाच्या तेलटाकीतून, बंद नळीतून नेला. दांडा हाताजवळ नेण्यासाठी आजवर सगळे झटले होते. त्याने अख्खा गिअरबॉक्स हाताखाली आणून ठेवला. वजन मध्यावर यावं हाही हेतू होता, पण गिअरची अचूकता हे त्याचं थेट फळ. त्याची किंमत चालकाच्या शरीराने दिली. मधला बोगदा भिंतीएवढा रुंद, कोपराशेजारी गिअरबॉक्सची धग आणि आवाज, पेडलं एका बाजूला सरकलेली, क्लच जड, काच थोडीशीच उघडणारी, मागचं काही दिसत नाही. गाडी मागे घ्यायची तर दार वर करून उंबऱ्यावर बसायचं आणि मान वळवून बघत घ्यायची. तरी मी त्या मांडणीला सलाम करतो.

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात माझदाने एमएक्स-५ दाखवली. तोशिहिको हिराई या इंजिनिअरच्या देखरेखीखाली बनलेली ही छोटी, स्वस्त, उघडी गाडी. तिच्यात एकही मांडणी धाडसी नव्हती. इंजिन पुढे पण मागे सरकवलेलं, त्यामागे गिअरबॉक्स, आणि दांडा त्याच्यावर सरळ उभा, अगदी तिथे जिथे चाकावरून सोडलेला हात पडतो. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल यांना अ‍ॅल्युमिनियमच्या एका ताठ चौकटीने बांधून टाकलं होतं, म्हणून अ‍ॅक्सिलरेटर सोडला-दाबला तरी दांडा डोलत नाही. मनगट जरासं हललं की गिअर पडतो. सीट, पेडल, चाक आणि मूठ यांचं एकमेकांशी इतकं साधं नातं आधी कोणाला इतक्या कमी पैशांत जमलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात, २६ मार्चला, ब्राझीलच्या ग्रां प्रीमध्ये फेरारीची ६४० ही गाडी उतरली. ती आखणाऱ्या जॉन बर्नार्डला चालकाची जागा शक्य तितकी अरुंद हवी होती, आणि आड येत होता तो दांडा, त्याचा रॉड आणि मुठीभोवती हाताला लागणारी मोकळी जागा. त्याने ते सगळं काढून टाकलं आणि स्टिअरिंगच्या मागे दोन पाती बसवली. गिअर बदलण्याचं काम हायड्रॉलिक्सकडे आणि इलेक्ट्रॉनिक्सकडे गेलं. सरावात ही व्यवस्था वारंवार बिघडत होती. तिचा चालक नायजेल मॅन्सेल याला गाडी शेवटपर्यंत टिकेल असं वाटतच नव्हतं. मध्ये थांबून त्याला स्टिअरिंगचं चाक बदलून घ्यावं लागलं, आणि तरीही शर्यत त्यानेच जिंकली. काही वर्षांतच फॉर्म्युला वनमधून दांडा नाहीसा झाला, आणि १९९७ मध्ये फेरारीने तीच पाती एफ३५५ या रस्त्यावरच्या गाडीला लावली. एमएक्स-५ आजही दांड्यासह विकली जाते, आणि तो दांडा अजून गिअरबॉक्सच्या डोक्यावरच उभा असतो.